दुसऱ्या डिशमधल्या पेशी

कॅन्सरवर संशोधन करायला जर्मनीला निघालो, तेव्हा जालन्याच्या स्टेशनवर मायनं खिडकीतून एक गाठोडं आत सरकवलं. जुन्या लुगड्याच्या फडक्यात तीर्थपुरीच्या आमच्या अंगणातल्या सीताफळाचा वाळका पाला. "ह्यानं उवा मरत्यात, मंग तुझ्या त्या कॅन्सरच्या पेशी काय न्हाई मरणार?" गाडी हलली तरी ती गज धरून चालत होती. तो पाला जर्मनीत कसा पोचला ते विचारू नका. मोज्यांत होता, एवढंच सांगतो.

वर्षभरात तिच्याच छातीत गाठ निघाली. संभाजीनगरला केमो सुरू झाली आणि इकडं मी लॅबमध्ये वेड्यासारखा पाल्याच्या मागं लागलो. अर्क अल्कोहोलमध्ये काढला, डिशमधल्या कॅन्सरच्या पेशींवर टाकला. सकाळी पाहतो तर सगळ्या मेलेल्या! मी ॲप्रन घालूनच नाचलो आणि तिथूनच फोन लावला, "माय, तुझ्या पाल्यानं कॅन्सर मारला!"

खरं तर शेजारी दुसरी डिश असते. तिच्यात पाला नाही, नुसतं तेवढंच अल्कोहोल. तिथल्या पेशी जिवंत राहिल्या, तरच पाल्याचं कौतुक. मी ती पाहिली चार दिवसांनी. त्याही मेल्या होत्या. मी शहाण्यानं दोन्हीकडं अल्कोहोलच दहापट ओतलं होतं. पाला बिचारा निर्दोष.

प्रोफेसरबाईंना तासाभरात सांगितलं. मायला नाही. लाज वाटली. रविवारी फोन केला की ती म्हणायची, "बराबर चाललंय माझं, तू जेव." मी जेवायचो.

तीन महिन्यांनी अक्काचा फोन आला. "अरे, माय दवाखान्यात जाऊन न्हाई राह्यली. तुझा पाला उकळून पिऊन राह्यली. गाठ केवढी झाली बघ!"

त्याच दिवशी मायला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चार दिसांनी कळलं व्हतं, तर तवाच का न्हाई सांगितलंस?"

आता केमो पुन्हा सुरू आहे. डॉक्टर म्हणतात, उशीर झालाय, बघू. मी म्हटलं, "येतो मी." तर म्हणाली, "आता नको येऊ. लोक तुलाच पाला मागतील." कारण माझा पराक्रम तिनं गावभर सांगितला होता. पार अंकुशनगरहून माणसं पिशव्या घेऊन येतात. झाड ओरबाडून उघडं पडलंय.

परवा अक्कानं व्हिडिओ पाठवला. झाडाखाली बाजेवर माय बसलेली. एक माणूस पिशवी घेऊन आला. तिनं डोक्याचा पदर काढला, केस गेलेलं डोकं त्याला दाखवलं. "माझ्या पोराचं चुकलं, बाबा. दवाखान्यात जा, जल्दी जा. मी गेले न्हाई, बघ काय झालं."

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांनो, तुमचं घर तुम्हाला ठाऊक. माझं घर म्हणजे आता ती बाज आहे. तिथं रोज माझी चूक येणाऱ्या-जाणाऱ्याला मायच्या आवाजात सांगितली जाते. खुशाल सांगू दे. रोज सांगू दे. तो आवाज तेवढा थांबू नये.