फाइलीतली चार मिनिटं

औषधांच्या त्या गोदामात तिला सगळे मोहोरताई म्हणत. नाव पडलं ते कामावरून. लशींच्या पेट्या घेऊन रोज सात-आठ गाड्या बाहेर पडत. प्रत्येक गाडीतल्या एका पेटीत आगपेटीएवढं एक यंत्र ठेवलेलं असे, त्याला लॉगर म्हणत. दर दोन मिनिटांनी तो पेटीतलं तापमान टिपून ठेवायचा. गाडी परत आली की त्याच्यातली फाइल मोहोरताईच्या कॉम्प्युटरवर उतरायची. फाइल बंद करताना लॉगर तिच्यावर स्वतःची मोहोर उठवायचा. मोहोर म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ. फाइलीतला एक ठिपका जरी कुणी हलवला, तरी ती ओळ पार बदलून जायची. मोहोर जुळते का, फाइल कुठल्या लॉगरची, कुठल्या गाडीची, हे सगळं बघून मगच ‘माल व्यवस्थित पोचला’ असा शेरा मारायचा, हे तिचं काम. तो शेरा आल्याशिवाय दवाखान्यानं पेटी वापरायला काढायची नाही, असा नियम होता.

अकरा वर्षं ती हे करत होती. खरं तर मोहोर जुळवायला कॉम्प्युटरला दोन सेकंद लागत, आणि तेवढ्यावर काम संपलं म्हणायला कुणाची ना नव्हती. पण ती प्रत्येक फाइल उघडून तापमानाची निळी रेघ बघत बसायची. रेघ हळूच वर चढली की तिला कळायचं, गाडी लांब पुलावर आली, तिथे सावली नाही. एकदम टोक आलं की कुठल्यातरी दवाखान्याच्या दारात पेटी उघडली. मग उतार, म्हणजे झाडांचा रस्ता. यातल्या एकाही रस्त्यावरून ती कधी गेलेली नव्हती. तरी डोळे अर्धवट मिटून ती त्या रेघेबरोबर चाललेली असे, आणि शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला हळूच सांगे, “ताई गावाला गेल्यात, थोड्या वेळानं या.”

हे वेड तिला घरातूनच लागलं असावं. तिच्या सासूबाईंना रोज स्वप्नं पडत, आणि सकाळी चहाचा कप हातात आला की त्या ती सांगायला बसत. सून समोर बसून ऐके. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच तिच्या लक्षात आलं होतं, की स्वप्न साधारण अर्ध्या कपापर्यंत पडलेलं असतं आणि पुढचं सासूबाई रचतात. खरं स्वप्न अडखळायचं. त्यात माणूस मध्येच दुसराच कुणीतरी व्हायचा, जिना चढता चढता तळं लागायचं. रचलेला भाग मात्र तेल घातल्यासारखा सरसर पुढे जायचा. ती काही बोलत नसे. “मग काय झालं?” एवढंच विचारी, आणि सासूबाई खूश होत. एखाद्या दिवशी स्वप्न पडलंच नाही, तर घरातलं वातावरण दुपारपर्यंत बिघडलेलं असे.

त्या उन्हाळ्यातल्या एका बुधवारी सकाळी तिनं चार नंबरच्या गाडीची आदल्या दिवशीची फाइल उघडली. ही गाडी मामा चालवत. मामा म्हणजे गोदामातले सगळ्यात जुने ड्रायव्हर. तीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला सहा महिने राहिलेले. डोळ्यांत तेल घालून गाडी चालवणारा माणूस, अशी त्यांची ख्याती. मंगळवारी ते डोंगरातल्या दवाखान्याला दोनशे दहा बाटल्या पोचवून आले होते. गुरुवारी तिथे लहान मुलांना लस द्यायची होती, आणि सकाळपासून तिथल्या सिस्टरचे शेऱ्यासाठी दोन फोन येऊन गेले होते.

मोहोर जुळली. लॉगरचा नंबर बरोबर होता. तारीख, वेळ, गाडी, सगळं जागच्या जागी. तिनं शेऱ्याच्या चौकटीत बोट नेलंही होतं. मग सवयीनं रेघ उघडली आणि ती तिथेच थांबली.

रेघेत पूल नव्हता. चढण नव्हती. दवाखान्याच्या दारातलं टोक नव्हतं. होत्या त्या लहान लहान लाटा, एकीसारखी दुसरी, कुणी झोपेत श्वास घेत असावं तशा. अशी फाइल ती पहिल्यांदाच पाहत होती, तरी ती लय तिच्या ओळखीची वाटत होती. कुठली, ते आठवेना. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. खिडकीतून ऊन टेबलावर सरकत होतं, पंखा फिरत होता. पाठीमागच्या भिंतीपलीकडे लशी साठवायच्या कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर घरघर करत सुरू झाला, बराच वेळ चालला आणि थांबला. अकरा वर्षं तो आवाज तिच्या पाठीशी होता, इतका की तो आता तिला ऐकूही येत नसे. आज आला. तिनं घड्याळ पाहिलं. तो पुन्हा सुरू झाल्यावर पुन्हा पाहिलं. अडतीस मिनिटं. रेघेतली एक लाटही अडतीस मिनिटांचीच होती.

मग तिनं रेघ मोठी करून मिनिट न् मिनिट बघायला घेतलं. सव्वाअकराला एक छोटासा उंचवटा होता, चार मिनिटांचा. काल सव्वाअकराला एका खोक्याचा नंबर ताडून पाहायला ती स्वतः कोल्ड रूममध्ये गेली होती. काम मिनिटभराचं होतं. पण बाहेर उकाडा असह्य होता, म्हणून ती आत जरा रेंगाळली. भिंतीला टेकून, डोळे मिटून, गार हवेत उभी राहिली. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं आणि तिनं सांगितलंही नव्हतं. आणि आता कुणाच्या ध्यानीमनी नसताना त्या चार मिनिटांची नोंद तिच्यासमोर होती. उघडलेलं दार, तिच्या अंगाची ऊब, मिटलेलं दार. दोनशे किलोमीटर फिरून आलेल्या गाडीच्या फाइलीत ती स्वतः उभी होती.

ती गोदामाच्या साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हता, फक्त त्याच्याकडे दोन फोन होते आणि दोन्ही वाजत असत. त्यानं विचारलं, मोहोर जुळली ना, मग अडचण काय?

“फाइलीत कुणी हात घातलेला नाही, साहेब,” ती म्हणाली. “आकडा न् आकडा खरा आहे. पण तो त्या गाडीतला नाही. लॉगर काल गाडीत गेलाच नाही. तो इथेच होता.”

साहेब म्हणाला की नुसत्या लाटा बघून तीस वर्षांच्या माणसावर ठपका ठेवता येत नाही, तुमच्याकडे पुरावा काय?

“मी आहे त्यात,” ती म्हणाली.

साहेबानं फोन उपडा ठेवला. तिनं कोल्ड रूमच्या भिंतीवरच्या यंत्राची कालची नोंद मागवली आणि दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवल्या. त्या अशा बसल्या, जणू एकाच हातानं दोनदा काढल्या होत्या. हातच्या काकणाला आरसा कशाला? साहेबानं डोकं धरलं. दवाखान्याला शेरा मिळणार नाही, पेट्या आहेत तशाच बंद राहू द्या, असं कळवायला त्यानं सांगितलं. त्या फोनवर सिस्टर तिला बरंच काही बोलली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मामांना बोलवायची वेळ आलीच नाही. शेरा अडल्याची बातमी गोदामात पसरली, तसे ते आपण होऊन तिच्या टेबलापाशी आले आणि समोरच्या स्टुलावर बसले. टायपिस्ट उठून बाहेर गेली. मामांनी आधी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, मग ती नीट केली. थोड्या वेळानं त्यांनी सगळं सांगितलं. मागच्या महिन्यात गाडी पुलावर दीड तास अडकली होती. फाइलीत तापमान ठरलेल्या हद्दीच्या वर गेलेलं दिसलं आणि दवाखान्यातून परत मागवलेल्या सगळ्या बाटल्या त्यांच्यासमोर फोडल्या गेल्या. त्यांना ते सहन झालं नव्हतं. त्यांच्या मते लस चांगलीच होती, आपण पेटीवर हात ठेवून पाहिलं होतं, यंत्रच फार कुरकुर करतं. म्हणून मंगळवारी निघताना त्यांनी लॉगर कोल्ड रूमच्या फळीवर ठेवला आणि परतल्यावर तिथूनच उचलून जमा केला.

“तुझ्यापासून लपणार नाही हे मला कळायला हवं होतं,” ते म्हणाले. “लस चांगली आहे, ताई. मला माहीत आहे.”

“असेल,” ती म्हणाली. “मलाही वाटतं असेल. पण मामा, ते आपल्याला वाटतं. बघायला जाऊ या?”

बघायला एक मार्ग होता. त्या लशीच्या प्रत्येक बाटलीवर एक बारीक गोल छापलेला असे आणि त्यात एक फिकट चौकोन. बाटलीला ऊब लागत गेली की चौकोन काळवंडत जातो. तो बाहेरच्या गोलाइतका गडद झाला, की बाटली वाया. साहेबानं आधी नाही म्हटलं, मग स्वतःच गाडीची चावी दिली. मात्र गाडी दुसऱ्या ड्रायव्हरनं चालवायची, मामांनी मागे बसायचं.

अशी ती आयुष्यात पहिल्यांदा त्या रस्त्यानं निघाली. नवा लॉगर तिच्या मांडीवर होता. शहर मागे पडलं, वखारी संपल्या, आणि तिला वाटायला लागलं की आपण इथे येऊन गेलोय. पुलाच्या आधी रस्ता वळणार हे तिला माहीत होतं. पूल मात्र तिच्या मनातल्यापेक्षा कितीतरी लांब निघाला. खाली नदी ऊन पांघरून पडली होती, पात्रात एक रिकामी होडी आडवी झालेली. “आता सावली लागेल,” ती पुटपुटली, आणि खरंच दोन्ही बाजूंनी उंच झाडं आली. ड्रायव्हरनं विचारलं, ताई, तुमचं माहेर इकडचं का? ती हसली. नाही म्हणावं तर खोटं बोलल्यासारखं झालं असतं. मागच्या सीटवरून मामा तिच्याकडे बघत होते. चढणीला लागल्यावर त्यांनी पुढे वाकून एका वळणावरचा झरा दाखवला. हा तुझ्या फाइलीत दिसत नसेल, म्हणाले. खरंच, तो तिला माहीत नव्हता.

दुपारी दवाखाना आला. बैठी इमारत, लांब ओसरी, ओसरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी. सिस्टर उंचीनं लहान आणि आवाजानं मोठी होती. पेट्या तिनं स्वतःच उघडल्या. टेबलावर बाटल्या रांगेत लागत गेल्या. पहिल्या पेटीतले चौकोन फिकट होते. दुसरीतले फिकट. तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या फिकट. मामांचा चेहरा हळूहळू मोकळा होत गेला. शेवटची पेटी गाडीत सगळ्यात वर, दाराच्या बाजूला, उन्हात असायची. तिच्यात सोळा बाटल्या निघाल्या. सोळाही काळ्या.

सिस्टरनं एक फिकट आणि एक काळी बाटली मामांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी दोन्ही उजेडाकडे धरून पाहिल्या. आतलं औषध दोन्हींत सारखंच दिसत होतं, नितळ.

“मला वाटायचं, मला हाताला कळतं,” ते म्हणाले.

बाहेर चादरी वाऱ्यावर फुगत होत्या.

गुरुवारचं लसीकरण सोमवारवर गेलं. गुरुवारी डोंगर उतरून आलेल्या आया कुरकुरल्या आणि परत गेल्या. प्रवासाची नोंद नाही म्हणून उरलेल्या बाटल्यांनाही शेरा मिळाला नाही. सोमवारसाठी नवा माल गेला, खरा लॉगर घालून. मामांनी स्वतःच्या हातानं जबाब लिहिला, आणि तो साहेबाला अपेक्षित होता त्यापेक्षा लांब झाला. त्यांची गाडी गेली. पण नोकरी राहिली, कारण मोहोरताईनं सुचवलेल्या नव्या पद्धतीला माणूस हवा होता. आता लॉगर पेटीत ठेवायचा दोघांच्या समोर, पेटीला कुलूप लावायचं, कुलपाचा नंबर फाइलीत चढवायचा. आणि फाइल बंद करायची ती पोचल्यावर दवाखान्यातल्या माणसानं, परत आल्यावर गोदामात नाही. कुलूप लावायचं काम मामांकडे आलं. ते इतक्या कडकपणे करत, की तरुण ड्रायव्हर त्यांना पाठीमागे जेलर म्हणायला लागले. मामांना ते कळलं होतं आणि त्यांना ते आवडलं होतं.

मोहोरताईनं आपल्यासाठी एकच मागितलं. महिन्यातून एकदा कुठल्यातरी गाडीबरोबर जायची परवानगी. ती मिळाली. त्या वर्षी तिनं पाच रस्ते पाहिले. घरी ती सकाळी चहाच्या वेळी ते सांगू लागली, तेव्हा सासूबाई आधी जरा नाराज झाल्या. मग त्या मध्ये मध्ये प्रश्न विचारायला लागल्या.

थंडी पडायला लागली तेव्हा मामा निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी, निरोपाचा चहा झाल्यावर, ते तिच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, माझी एखादी जुनी फाइल दाखव की. तिनं आठ वर्षांपूर्वीची एक काढली. दोघं शेजारी बसून ती निळी रेघ बघत राहिले. पूल आला, चढण आली. त्यानंतर एका ठिकाणी रेघ वीस मिनिटं नुसतीच सरळ, निवांत, थोडीशी खाली उतरलेली होती. मामांनी तिथे बोट ठेवलं आणि चष्मा पुसला.

“इथे मी झाडाखाली गाडी लावून झोपलो होतो,” ते म्हणाले. “इंजिन गरम झालंय असं तेव्हा साहेबाला सांगितलं होतं.”

“मला तेव्हाच कळलं होतं,” ती म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“लस थंड होती, मामा.”

त्यांनी मान हलवली. रेघ पुढे सरकली, दवाखान्याच्या दाराकडे, आणि दोघं पोचेपर्यंत तसेच बसून राहिले.