ध्यानांगणातलं भात

वास्तू माणसांना जोडते, यावर माझा पूर्वीपासून विश्वास आहे. हा विश्वास मी पुण्यातल्या एका इमारतीत एकवीस वर्षं राहून जपला. समोरच्या दारामागे कोण राहतं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यामुळे वेल्ह्याजवळच्या एका ‘पर्यावरणस्नेही, आंतरपिढी ज्येष्ठनिवासा’चं माहितीपत्रक हातात आलं, तेव्हा मी ते आधी उलटं करून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. पुढच्या बाजूला एक आजोबा आणि पाच मुलं हसत होती. सहाही जण एकमेकांकडे न बघता छायाचित्रकाराकडे बघत होते.

जाणं मात्र भाग होतं. माझी थोरली बहीण, आक्का, शहात्तर वर्षांची आणि एकटी. तिची इमारत पाडून नवी बांधणार, महिनाअखेर घर रिकामं करायचं. परदेशातल्या मुलाने ही जागा शोधली होती. नाही म्हटलं तर तिला त्याच्याकडे, बर्फात, जावं लागणार होतं. गेल्या वर्षी अर्धांगाचा हलका झटका आल्यापासून तिचा डावा पाय फरफटतो. व्यायाम शिकवणारे रोज सांगतात, “पाय उचला.” ती रोज प्रयत्न करते. पाय ऐकत नाही.

एसटीनेच जायचं, असा तिचा हट्ट. “मोटारीतून कुठलीही जागा जवळच वाटते,” ती म्हणाली.

दिवाळी नुकतीच झाली होती. वरवे बुद्रुकला कारखान्यांच्या पत्र्यांमधूनही पिवळी भातखाचरं दिसत होती. नसरापूरला चहा झाला आणि गाडी डोंगरात वळली. कंडक्टरला ठिकाण सांगितलं.

“ते म्हाताऱ्या मान्सांचं व्हय? तितं गाडी थांबत न्हाई.” मग आक्काकडे पाहून तो म्हणाला, “पन थांबवतो. जाताना हात करा, तवाबी थांबंल.” आक्काचं वय तिकिटाच्या पलीकडे गेलेलं असल्याने पैसे फक्त माझे घेतले.

फाटकापाशी व्यवस्थापिका उभ्या होत्या. “या आजी,” त्या म्हणाल्या.

“तुमच्या आईचं वय काय?” आक्काने विचारलं.

“बासष्ट.”

“मग मावशी म्हणा.”

जागा सुंदर होती, हे कबूल केलं पाहिजे. समोर तोरणा. भिंती कुडाच्या (कारवीच्या काटक्या विणून वर माती लिंपलेल्या), पावसाचं पाणी साठवायला टाकी, दाराला उंबरा नाही, सगळीकडे धरायला कठडे. माझा संशय अडकला तो मुलांपाशी. खेळघरातली खेळणी उंचीप्रमाणे लावलेली होती. झोपाळ्याच्या साखळ्यांवरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं.

“मुलं कधी येतात?” मी विचारलं.

“पिढीसंगम मंगळवार आणि शुक्रवार, चार ते पाच. शाळेच्या गाडीने.”

“आणि पाच वाजता?”

“गाडी परत जाते ना.”

चार-पाच ज्येष्ठ व्हरांड्यात बसले होते. त्या दिवशी गुरुवार होता.

जेवायला नाचणीची भाकरी, घेवड्याची उसळ आणि वाफाळता भात. जेवण उत्तम होतं. मला त्याचाही संशय आला. हात धुऊन परत येतो तर आक्काची खुर्ची रिकामी.

ती सापडली मागच्या बाजूला. तिथे एक मोठं, गुळगुळीत फरशीचं अंगण होतं. पाटीवर ‘ध्यानांगण’ लिहिलेलं, आणि पाटीच्या पायथ्यापासून थेट कठड्यापर्यंत भात वाळत घातलेलं. कठड्यात फाटकासाठी जागा सोडली होती, फाटक नव्हतं. भाताच्या मधोमध, चपला काढून, आक्का चालत होती. कडेला गावातल्या एक बाई, त्यांची सून आणि दोन नाती बसल्या होत्या.

या भागात वाळत घातलेलं भात हाताने परतत नाहीत. त्यातून पाय ओढत चालायचं. मागे सरी पडते आणि खालचं ओलं भात वर येतं. पाय उचलला की काम बिघडतं.

“सरळ सरळ, आक्का,” त्या बाई सांगत होत्या. मग सुनेकडे वळून, “बघ, कसा पाय वढत्यात. तुला चार वर्सं सांगतीया, तरी टुनटुन उड्या मारत जातीस.”

“त्यास्नी जमतंय, मला न्हाई जमत,” सून म्हणाली. धाकटी नात आक्काच्या मागोमाग तिच्यासारखाच डावा पाय ओढत निघाली होती. तिला कुणी रागावलं नाही.

मी त्या बाईंना विचारलं, “इथे कसं काय वाळवता?”

“सपाट जागा हाय कुटं दुसरी, भाऊ? आमच्या अंगणात मोटरसायकली. आनि ह्या भिंतींचा कुड म्याच लिपलाय. आमी आमचा काढून इटा घातल्या, ह्यांनी इटा सोडून कुड घातला.” त्या हसल्या. “रिकामं फिरन्यापरास आक्कांनी रोज यावं. काम पडलंय लई.”

तेवढ्यात व्यवस्थापिका आल्या. त्यांचा चेहरा पडला. “फाटक पुढच्या आठवड्यात बसेल,” त्या मला हळू आवाजात म्हणाल्या. “मग बाहेरच्यांचा हा वावर बंद होईल. आराखड्यात हे नाहीच.”

आक्काला ऐकू चांगलं येतं. सरी अर्धवट न सोडता ती कडेपर्यंत आली. “फाटक बंद झालं तर मी येत नाही,” ती म्हणाली. “उघडं राहणार असेल तर पंधरा दिवसांत येते.”

व्यवस्थापिका म्हणाल्या, बघू. मी म्हटलं, लिहून द्या. बराच वेळ फोनाफोनी झाली. शेवटी अर्जाच्या खाली त्यांनी हाताने लिहिलं: भाताच्या दिवसांत मागील फाटक उघडे राहील.

परतीच्या एसटीत आक्का खिडकीशी बसली. आराखडा काढणाऱ्यांनी आक्काच्या पडण्याचा विचार केला होता. तिच्या कामाचा केला नव्हता. काम तिला एका न बसवलेल्या फाटकामुळे मिळालं. माझा संशय पुरता गेलेला नाही; भात संपल्यावर काय, हे त्या कागदावर नाही. आक्काला विचारलं तर म्हणाली, “मग नाचणी असेल.”

ती आता तिथे राहते. पिढीसंगम अजूनही मंगळवारी आणि शुक्रवारी, चार ते पाच असतो. आक्का त्याला हजर राहू शकत नाही. त्या वेळी भात गोळा करायचं असतं.