दादाचं नाव घातलेला डबा

ऑफिसला निघालो होतो, सिंगापूरमधल्या मरीन परेडच्या बसस्टॉपवर उभा होतो, तेव्हा पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, बाबा गेले." हार्ट अटॅक. माझा थोरला भाऊ विनायक, नौदलातून निवृत्त होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मिळेल त्या विमानाने पुण्याला गेलो आणि सहाव्या दिवशी परतलो, रजाच तेवढी होती. घरी ओट्यावर दादाचा स्टीलचा डबा घासून ठेवलेला. आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या हाल्मोनींना अजून काहीच ठाऊक नव्हतं. हाल्मोनी म्हणजे कोरियन भाषेत आजी. त्यांना इंग्रजी येत नाही, मला कोरियन येत नाही, आणि त्यांची मुलगी-जावई सोलला गेलेले. फोनवर भाषांतर करता आलं असतं, पण असली बातमी यंत्राच्या तोंडून सांगणं मला जमेना.

नौदलाने दादाला तीन वर्षांसाठी सिंगापूरला पाठवलं होतं. निरनिराळ्या देशांचे अधिकारी एका कचेरीत बसून जहाजांवर लक्ष ठेवत. शेजारच्या टेबलावर पार्क नावाचा कोरियन अधिकारी. पहिल्याच दिवशी दादा त्याला हॉकर सेंटरला, म्हणजे तिथल्या खाण्याच्या ठेल्यांच्या बाजारात, घेऊन गेला. त्यांची रीत अशी, की वयाने मोठा चमचा उचलत नाही तोवर धाकट्याने जेवायचं नाही. आपली रीत, पाहुण्याच्या आधी यजमानाने घास घ्यायचा नाही. दादा वयाने मोठा, पार्क पाहुणा; दोघेही एकमेकांकडे बघत बसले, नूडल्सचा पार लगदा झाला. संध्याकाळी दादा मला म्हणाला, "ही भाषा शिकल्याशिवाय मला इथे जेवण मिळायचं नाही रे!"

"पन्नाशी उलटली तुझी," मी म्हटलं. "इंग्रजीत चालतंय की सगळं."

"ऑफिसचं चालतं. शेजाऱ्यांचं काय?"

आमच्याच कॉन्डोत, म्हणजे सोसायटीत, त्याने फ्लॅट घेतला होता. हाल्मोनी दिवसभर स्विमिंग पूलजवळच्या बाकावर एकट्या बसलेल्या असायच्या. हा वही घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसायला लागला. चुकलं की त्या त्याच्या मनगटावर टिचकी मारायच्या, आणि जन्मभर जहाजावर हुकूम सोडलेला हा माणूस निमूटपणे पुन्हा लिहायचा. नोव्हेंबरात कोरियन बायका खालच्या हॉलमध्ये वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालतात. दादा हाफपॅंटीत जमिनीवर बसून कोबीच्या पानापानाला मीठ लावत होता. मला बघून ओरडला, "बघतोस काय नुसता? बस इथे!" मी फोटो काढून सटकलो. गणपतीला त्याने हाल्मोनींना घरी आणलं, तर त्यांनी मोदकाला अशा पाकळ्या घातल्या की वहिनी म्हणाली, "अगंबाई, आता मी काय करू?"

आणि तो डबा. वहिनीच्या माहेरचा, झाकणावर दादाचं नाव घातलेलं. दिवाळीत त्यातून चकल्या गेल्या, परत आला तो तिळाच्या तेलातली भाजी घेऊन. भरून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्याकडे आहे तसंच त्यांच्याकडेही. तीन वर्षं तो थांबला नाही. परत जाताना दादाने तो माझ्या हातात दिला. "हा चालू ठेव. आणि पाच शब्द तरी शीक, जरा लाज बाळग." डबा चालू राहिला, म्हणजे माझ्या बायकोने, सीमाने ठेवला. मी शब्द एकही शिकलो नाही.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात हाल्मोनी. मोबाइलवर बोट ठेवून म्हणाल्या, "विनायक?" दर रविवारी दादा त्यांना फोन करायचा, या वेळचा चुकला होता. मी आत गेलो. सीमा हळूच म्हणाली, "सुतक आहे. आपल्याकडून डबा भरून नाही देता यायचा." डबा तसाच रिकामा घेऊन आलो. हातात घेताक्षणी त्यांना तो हलका लागला असावा. झाकण उघडून आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं... मी मान खाली घातली. त्यांनी डबा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. मी दारातच रडलो. पुण्यात नव्हतो रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा दाराशी होता, गरम तांदळाच्या पेजेने भरलेला. दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी अन्न आणायचं, हेही त्यांना सांगावं लागलं नाही.

आता दर शनिवारी मी त्या बाकावर बसतो. वहिनीने पुण्याहून दिलेली दादाची वही घेऊन. मागच्या शनिवारी त्याच डब्यात उकडीचे मोदक घेऊन गेलो होतो, आणि पाठ केलेलं एक कोरियन वाक्य. हा माझ्या दादाचा डबा आहे. हाल्मोनींनी मनगटावर टिचकी मारली आणि उच्चार सुधारून दिला. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे अजून एकदा म्हण. तिसऱ्यांदा 'दादा'पर्यंत आलो, आणि पुढचं म्हणता येईना. त्यांनी डब्याचं झाकण काढून एक मोदक माझ्या हातात ठेवला, आणि उरलेलं वाक्य त्यांनीच पूर्ण केलं.