चाकाच्या पाठीवरचा आकडा

सुदाम गेला, हे मला मालेगावच्या भाजीबाजारात कळलं. एका हातात मेथीची जुडी होती, दुसऱ्या हातात फोन, आणि त्याची बायको कमल एवढंच म्हणाली, "ताई, तुमचा भाऊ गेला." रडू यायला हवं होतं. मला राग आला. त्याच्यासाठी चार माणसांत एक गोष्ट कबूल करायची मी सोळा वर्षं पुढे ढकलत आणली होती, आणि हा गडी तेवढाही थांबला नाही...

सुदाम माझा मावसभाऊ. शेलूबाजारला हायवेच्या कडेला त्याचं चाकांचं दुकान. त्या काळी मी शाळेत मास्तरीण होते, पहिलीच गाडी घेतली होती आणि चाळिशी उलटलेल्या बाईला शोभणार नाही इतकी माजले होते. धाकट्या जावेच्या गाडीपेक्षा आपली रुंद दिसावी, म्हणून मला मडगार्डच्या बाहेर डोकावणारी चाकं हवी होती. सुदामनं माझ्या गाडीचं चाक काढून पालथं टाकलं, पाठीवर आडवी पट्टी ठेवली. "हे पाह्य ताई. रुंदीच्या बरोबर मधात एक रेघ समज. नट कसतात ते तोंड त्या रेघेपासून किती सरकलं, तो ऑफसेट. तुह्या गाडीचा पंचेचाळीस, म्हून चाक आत बसते. तू जे मागून राह्यली, त्याचा पंधरा. चाक तीस मिलीमीटर बाहेर येईन. माणसं बसली, गाडी दबली, का मडगार्डची कड टायर कापन."

"पण दिसन कसं?" हा माझा प्रश्न.

"दिसन झकास. टायर फुटेस्तोवर."

त्यानं नाही म्हटलं, म्हणून मी मालेगावच्या एका दुकानात गेले. दुकानदाराचं नाव लिहीत नाही, संपादकांनी हात जोडले आहेत. त्यानं पट्टीबिट्टी काही काढली नाही. "मॅडम, काय शान दिसते गाडी," म्हणाला आणि मी विरघळले. घरी मात्र सांगितलं की चाकं सुदामनं बसवली. भावाला सोडून परक्याकडे गेले, हे सासरी कळायला नको होतं. शिवाय सुदामचं नाव घेतलं की कुणी शंका काढत नसे.

पुढच्याच आठवड्यात धनज गावी एका लग्नाला गाडीत सात जण कोंबून निघालो. टायर घासल्याचा आवाज येत होता. मी गाणी मोठ्यानं लावली. मग टायर फुटलं आणि गाडी तुरीच्या वावरात. सासूबाईंचं मनगट मोडलं, तोंड शाबूत राहिलं. दवाखाना येईपर्यंत त्यांनी सुदामला दोषी ठरवून टाकलं होतं. मी गप्प. "सख्ख्या मावसबहिणीच्या गाडीले ज्याले चाक बसवता आलं नाही, तो तुमचं काय बसवन?" असं गिऱ्हाइकांना सांगत तो दुकानदार सोळा वर्षं पोसला. सुदामकडची गर्दी ओसरत गेली. त्यानं मला एकदाच विचारलं, "ताई, तू सांगतं का म्या सांगू?" मी म्हटलं, "मीच सांगीन." त्यानं पुन्हा विषय काढला नाही... आणि मी सांगितलं नाही. ती गप्प बसलेली मास्तरीण आज कुठं भेटली तर तिच्या कानाखाली आवाज काढीन.

ती सापडत नाही, म्हणून मी दुसऱ्याला धरलं. सुदामच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला त्या दुकानदाराला मीच आग्रहानं बोलावलं. तो आला, फुलं वाहिली, माइक घेतला. "सुदामभाऊ दिलदार माणूस. मापात जरासे कमी पडत, पण..." मी याच वाक्याची वाट पाहत होते. त्या चार चाकांपैकी एक माझ्या मागच्या अंगणात पाण्याच्या ड्रमखाली उरलं होतं. ते ऑटोत घालून आणलं होतं. ते मांडवाच्या मधोमध पालथं टाकलं. आतल्या अंगाला त्याच्याच दुकानाची चिकटपट्टी, अर्धी फाटलेली, आणि शेजारी कोरलेला ऑफसेटचा आकडा. म्हटलं, "हे चाक म्या यांच्या दुकानातून घेतलं आन् सोळा वरसं खोटं बोलली." पहिल्या रांगेत धाकट्या जावेचा हात तोंडावर गेला. मग मी दुकानदाराकडं वळले. "तुमी मापाचं बोलले. वाचा आकडा."

"मावशी, ही काय जागा आहे का..."

"वाचा. आमाले घाई नाही."

तो वाकला. "पंधरा," म्हणाला.

"गाडीले किती पायजे होता?"

कोपऱ्यातून कमल म्हणाली, "पंचेचाळीस." दुकानदार न जेवता गेला.

मन हलकं झालं असेल, असं लोक म्हणतात. मुळीच नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी मी त्या दुकानदाराच्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर खुर्ची टाकून बसते. सुदामची पट्टी कमलनं मला दिली आहे. नवी चाकं घेऊन कुणी बाहेर आलं की मी त्यांना थांबवते, चाक पालथं करायला लावते, गाडीला किती ऑफसेट लागतो आणि यात किती आहे ते मोजून दाखवते. मोजण्याआधी सुदाम पट्टीवर एक फुंकर मारायचा, धूळ असो-नसो. परवा माझ्याकडूनही तशीच फुंकर गेली आणि पुढचा आकडा बराच वेळ दिसेना... गिऱ्हाईक बिचारं थांबलं. त्यानं मोजलेलं पाहिलं आणि चाकं परत करायला आत गेलं.

तेव्हा दुकानदार रस्ता ओलांडून आला. आवाज एकदम खाली. "मावशी, आनखी किती दिवस बसता अशा?"

म्हटलं, "तुमी सोळा वरसं बोलले. माहे तर आत्ता तीनच बाजार झाले."