वांगी न लागलेला हिवाळा

त्या वर्षी घाटंजीला हिवाळा आला, तो आमची स्वेटरं न बघताच परत गेला. मार्गशीर्ष लागला तरी घरोघरी पंखे सुरू, आभाळ भरलेलं आणि अधूनमधून पावसाची भुरभुर. दोरीवरचे कपडे वाळायचं सोडून कुबट वास धरायचे. शेतात कापूस भिजला, तुरीचा फुलोरा गळला, आणि गल्लीतल्या बागांनी तर पार ताळतंत्र सोडलं. शेवंती काळी पडली. संभार, म्हणजे कोथिंबीर, वाफ्यातच सडला. एरवी उन्हाळ्यात ज्याच्या हातापाया पडावं लागतं तो मोगरा भर हिवाळ्यात फुलून बसला. समोरच्या काकूंचा वाल गच्चीवर चढला आणि डिशच्या छत्रीला मिठी मारून राहिला. टीव्हीवर मालिका दिसेना, पण काकूंना वेल तोडवेना.

आमच्या परसात राज्य सासूबाईंचं. मी वणीची, कोळशाच्या धुळीत वाढलेली. आमच्याकडे तुळस आधी पुसायची, मग तिला पाणी घालायचं. झाडांतलं मला काही कळत नाही हे लग्न झाल्या झाल्याच जाहीर झालं होतं, आणि त्यावर अपील नव्हतं. शाळेतून शिकवून आले की मी परसात खुर्ची टाकून चहा प्यायचे आणि त्या मला बोलायच्या. "कुठी ठेवली वं खुर्ची? पालकावर ठेवली ना!" आमचं दोघींचं असं छान चाललं होतं.

सासूबाई चातुर्मासात वांगं खात नाहीत. हा नेम सोडायचा तो चंपाषष्ठीला, म्हणजे आमच्या वांगेसटीला, आणि तोही घरच्याच झाडाच्या वांग्यावर. कापसाच्या पऱ्हाटीच्या वाळक्या काड्यांवर वांगं भाजायचं, कांद्याची पात घालून भरीत करायचं, आधी गल्लीत वाटायचं आणि मग आपल्या ताटात घ्यायचं. बाजारच्या वांग्यावर वांगेसट उरकणाऱ्या बाईबद्दल त्यांचं मत फारसं बरं नाही.

त्या वर्षी वांगेसट झाली की त्यांनी पुण्याला जायचं ठरलं होतं. धाकट्या दिरांनी आठव्या मजल्यावर मोठं घर घेतलं, आईसाठी वेगळी खोली रंगवून घेतली. गुडघ्याचे डॉक्टर जवळ, लिफ्ट दारात. आता आईनं कायमचं तिकडेच राहावं, असं सगळ्यांचं मत. कोणी वाईट वागत नव्हतं हो, सगळे त्यांच्या भल्याचंच बोलत होते. दीर फोनवर विचारायचे, कोणत्या गाडीचं तिकीट काढू? आमचे हे विचारायचे, सामान किती होईल? मीही विचारलं, लोणच्याची बरणी बांधून देऊ का? सासूबाईंचं सगळ्यांना एकच उत्तर. "वांगं लागू दे. चातुर्मास सोडल्याबिगर मी गाव सोडत नाही."

आणि वांगं लागेना.

झाडं माझ्या खांद्यापर्यंत आली. पानं अशी की त्यांवर जेवण वाढावं. टपोरी जांभळी फुलं यायची आणि बघता बघता नाहीशी व्हायची. वांगेसट आली, गेली, घरात भरीत झालं नाही. "फूलगळ आहे ही," आमचे हे म्हणाले, आणि कामाला लागले. मोबाईलवरून जेवढं ज्ञान मिळालं तेवढं त्यांनी झाडांवर फवारलं. आंबट ताक झालं, लिंबोळीचा अर्क झाला, शेवटी हिंगाचं पाणी झालं. परसात पाऊल टाकलं की कोणीतरी आमटीला फोडणी दिल्यासारखं वाटायचं.

"थंडीच नाही ना, माय," हे म्हणायचे, "म्हणून होऊन राह्यलं हे."

"हाव ना बापा," सासूबाई म्हणायच्या. "थंडीच नाही त झाड काय करन बिचारं?"

तेवढ्यात समोरच्या काकूंनी टोपलीभर वांगी पाठवली. थंडी त्यांच्याकडेही नव्हती. पण यांचं म्हणणं, त्यांची जमीन मुरमाड, पाणी साचत नाही. सासूबाईंनी एकेक वांगं दाबून पाहिलं. "चांगले आहेत. तुमी खा." आम्ही भरीत केलं आणि त्या शेजारी बसून वरण-भात जेवल्या. नजर आमच्या ताटावर. वांग्यावर एवढा जीव असलेली बाई, आणि हा हट्ट! मला असा राग आला की भरीत नीट खाल्लंही गेलं नाही.

मग एका रविवारी सकाळी, भुरभुर थांबली म्हणून मी चादरी वाळत घालायला परसात गेले. सासूबाई वांग्याच्या वाफ्यात वाकलेल्या होत्या. वाटलं, अळ्या वेचताहेत. जवळ जाऊन बघते तर चिमटीनं फुलं खुडणं चाललेलं. पदराची झोळी जांभळ्या फुलांनी भरलेली.

"आई!"

त्या दचकल्या. झोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड गंभीर करून म्हणाल्या, "पाह्य वं, किती फूलगळ आहे."

अगं बाई, मला हसू आवरेना. ओल्या चादरीसकट मी वाफ्याच्या कडेला मटकन बसले. ते ताक, तो हिंग, नवऱ्याचे ते रात्रंदिवसाचे प्रयोग! त्याही हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"मले नाही जायचं वं, बाई. माहा जीव नाही लागत तिकडं. पन लहान्याले कसं सांगू? त्यानं एवढ्या हौसेनं खोली रंगवली."

मला तरी त्या जायला कुठं हव्या होत्या? शाळेतून आल्यावर रिकाम्या परसात बसायचं, आणि खुर्ची कुठं ठेवली म्हणून बोलायला कोणी नाही. पण दिराच्या आणि नवऱ्याच्या मध्ये कशाला तोंड घाला, म्हणून मी गप्प होते.

चादरी अजून मांडीवरच होत्या तोच दिरांचा रविवारचा फोन आला.

"वहिनी, लागली का वांगी? तिकीट काढून टाकू?"

"नाही लागली," मी म्हणाले. "आणि काढूही नका. भाऊजी, आईंना नाही यायचं."

मग ते अगदी हळू म्हणाले, "मग आईनं मला सांगितलं का नाही?"

मी तेच सासूबाईंना विचारलं, जरा चिडूनच. "आई, भाऊजी म्हणतात सांगितलं का नाही? अहो, सरळ नाही म्हणायचं ना एकदा! एवढी झाडं कशाला बोडकी केली?"

सासूबाईंनी पदर झटकला. फुलं ओल्या मातीवर पडली. आता त्या हसत नव्हत्या.

"सगळ्याईनं इचारलं, कवा जातं. जातं का, हे कोनी इचारलं मले? तुनं तरी इचारलं?"

फोन चालूच होता. "भाऊजी, आता तुम्हीच विचारा," एवढं म्हणून मी तो त्यांच्या मातीच्या हातात दिला.