पठारावरचा दुप्पट पाऊस

गावात सगळे त्याला 'मिलिमीटर' म्हणत. अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी साडेआठला तो शेती कार्यालयामागच्या कुंपणात जायचा, पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मापात ओतायचा आणि आकडा वहीत लिहायचा. पाऊस नसला तरी जायचाच. "शून्य लिहायचा पगार घेणारा तू एकटाच," चहावाला चिडवायचा.

गाव पठाराच्या कडेला होतं. समुद्राकडून आलेले ढग डोंगरावरच रिते व्हायचे. त्यामुळे किनाऱ्यावर भात आणि मासे, डोंगरात भात, लाकूड आणि मध, आणि डोंगराच्या अलीकडे पठारावर उरलासुरला पाऊस, बाजरी आणि मेंढ्या.

राजधानीतून नकाशा विभागाच्या बाई आल्या आणि त्यांनी टेबलावर राज्याच्या पर्जन्यपट्ट्यांचा नवा नकाशा पसरला. "अभिनंदन, काका! तुमच्या दोन वर्षांच्या आकड्यांनी पट्ट्याची रेघ सरकली आणि गाव डोंगरपट्ट्यात आलं. आता बाजरीचं बियाणं आणि चारा डेपो बंद, भाताचं बियाणं येणार. उद्या दुपारी नकाशा छपाईला जातोय."

मिलिमीटर सगळ्यांबरोबर हसला खरा, पण हिशेब जुळेना. गावातल्या विहिरींचा तर तळ दिसत होता. मग हा पाऊस गेला कुठे?

तो तडक कुंपणात गेला. मापकाच्या नरसाळ्यावर तोंडाचं क्षेत्रफळ कोरलं होतं: २००. काचेचं माप उलटं केलं, तर बुडाशी: १००. दोन वर्षांपूर्वी जुनं माप फुटलं, तेव्हा त्याने डोंगरावरच्या केंद्रातून जादाचं माप आणलं होतं. तिथे पाऊस कोसळतो, म्हणून मापकाचं तोंड निम्मं, आणि माप त्या हिशेबाचं. पठाराचं पाणी त्यात दुप्पट उंच चढत होतं.

संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, ताटाकडे नुसतं बघत काय बसलात?"

त्याने सगळं सांगितलं.

"म्हणजे वीस पडला की तुम्ही चाळीस लिहिला? आणि कुणी काही बोललं नाही?"

"बोलायचे की! मिलिमीटरचा पाऊस वहीतच पडतो म्हणायचे. मला वाटलं, चेष्टा करतायत."

"मग सांगून मोकळे व्हा."

"निवृत्तीला दहा महिने राहिलेत गं. आजवर वहीत एक खाडाखोड नाही. चौकशी लागली तर?"

"आणि माझा भाऊ बाजरी सोडून भात लावेल त्याचं काय? ते वाळलेलं शेत कुणाच्या वहीत लिहिणार?"

त्याने ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला त्याने शून्य लिहिलं आणि वही व माप घेऊन कार्यालयात गेला. बाई नकाशाची गुंडाळी करत होत्या. रात्रभर घोकलेलं वाक्य आयत्या वेळी आठवेना. त्याने नुसतं माप उलटं करून पुढे धरलं.

"हे काय, काका?"

"हे माप निम्म्या तोंडाच्या मापकाचं आहे, बाई. माझा मापक दोनशेचा."

बाईंनी आकडा वाचला, पुन्हा वाचला. चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "कधीपासून?"

त्याने वहीतली तारीख दाखवली.

"हे मला वर कळवावं लागेल."

"कळवा. पण आधी नकाशावरची ती रेघ मागे घ्या."

बाईंनी छापखान्याला फोन करून काम थांबवलं. मग खात्याचा नियम सांगितला, जो त्याला पाठ होता: वहीतला आकडा खोडायचा नाही. त्यावर लाल रेघ मारायची, बरोबर आकडा वर लिहायचा, शेजारी सही करायची आणि शेऱ्यात कारण द्यायचं. पावसाचे दिवस एकूण एकाहत्तर.

तो खिडकीपाशी बसला. पहिल्या शेऱ्यात त्याने 'माप चुकीचे' एवढंच लिहिलं. मग पुढे जोडलं, 'चूक निरीक्षकाची'. शेजारी सही केली.

आतल्या खोलीत बाई फोनवर आपल्या साहेबांशी बोलत होत्या. दार ओढून घेतलेलं होतं, तुटक शब्द तेवढे बाहेर येत होते. "हो साहेब... दोन वर्षं... नाही, कुणी पकडलं नाही, स्वतःच सांगितलं..." मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. साहेब काय म्हणतायत ते कळायला मार्ग नव्हता.

मिलिमीटरने कपाळावरचा घाम पुसला. वहीतले अजून चाळीस दिवस बाकी होते. त्याने पट्टी खाली सरकवली आणि पुढच्या आकड्यावर रेघ मारली.