म्यूट राहिलेलं गीत

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आम्ही नगरचे ख्रिस्ती. घरात देव मानणारे, पण कुणाला झपाटलंय असं कानावर आलं की माझे पप्पा त्याला आधी "जेवलास का?" विचारायचे. मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टर. काही विचित्र दिसलं की ते पुन्हा करून बघायचं, आणि दुसऱ्यांदा झालं नाही तर पहिल्यांदा आपणच नीट पाहिलं नव्हतं असं धरायचं, ही माझी सवय. हा अनुभव मात्र पुन्हा करून बघता येण्यासारखा नाही... म्हणून लिहून टाकते.

मी अमेरिकेत बॉथेलला राहते, नोकरी बेलव्ह्यूला. इथे आमची छोटीशी मराठी ख्रिस्ती मंडळी आहे. एका अमेरिकन चर्चची इमारत आम्हाला शनिवारी संध्याकाळी भाड्याने मिळते, कारण रविवारी त्यांची स्वतःची उपासना असते. आमच्या शनिवारच्या संध्याकाळी भारतात रविवारची सकाळ उजाडलेली असते, त्यामुळे घरची म्हातारी माणसं चहा पीत आमची उपासना मोबाईलवर बघतात. ती त्यांच्यापर्यंत पोचवणं हे माझं काम. माइक, मिक्सर, कॅमेरा, पडद्यावर गीतांचे शब्द — सगळं. पूर्वी आम्ही तिघं होतो. एक टेक्सासला गेला, दुसरीला जुळी झाली, राहिले मी. आठवडाभर ऑफिस आणि शनिवारी हे... घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं! आवाज चांगला असला तर मी तिथे आहे हे कुणाला कळतही नाही. जरा शिट्टी वाजली की अख्खी मंडळी माना वळवून माझ्याकडे बघते. खरं सांगू? मी कंटाळले होते. नुसती दमले नव्हते, कंटाळले होते.

मात्र एक श्रोता वेगळी होती. आमच्यात गाणारा विलास, त्याची आई — श्रीरामपूरच्या सुमनमावशी. दर रविवारी त्यांचा मला व्हॉइस मेसेज यायचा. "शीतल, आज पेटी फार पुढे आली गं. विलासचा आवाज दबला." आणि त्यांचं बरोबर असायचं.

गेल्या उन्हाळ्यात मावशींनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. इकडे विलासच्या व्हिसाचे कागद अर्धवट अडकलेले. वकील म्हणाला, आत्ता देश सोडलात तर परत येता येईल याची खात्री नाही. बायकोची नोकरी नुकतीच गेलेली, मुलगी लहान. बिचारा आठवडाभर सगळ्यांना विचारत फिरला आणि शेवटी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"शीतल, मला जाता येत नाहीये. आईने शिकवलेलं एक गीत आहे, ते एकदा तिला ऐकवायचंय. तिला ऐकू गेलं पाहिजे, बस. बाकी काही नको, यार."

"ऐकू जाईल," मी म्हणाले.

ठरलं असं, की त्याची बहीण सुनीताताई मावशींच्या उशाशी फोन धरणार आणि त्या दिवशी नेहमीच्या प्रक्षेपणाऐवजी आम्ही इथून त्यांना व्हिडिओ कॉल लावणार. "मला रडताना दाखवू नको," विलास म्हणाला, म्हणून तिकडे फक्त गीताच्या शब्दांची स्लाइड पाठवायची. उपासनेआधी कॉल लावून पाहिला तर तिकडचा आवाज हॉलमध्ये येऊन परत तिकडेच जायला लागला, आणि कान फाटतील अशी शिट्टी! अशा वेळी आमची रीत ठरलेली आहे. आधी सगळं म्यूट करायचं, मग वेळ आली की लागेल तेवढंच उघडायचं. तिकडचा आवाज बंद केला, इकडून जाणाराही बंद केला. विलास गायला उठला की इकडचा तेवढा उघडायचा.

नेमकं त्याच्या आधी उपासना चालवणाऱ्या पाळकांच्या माइकची बॅटरी संपली. मी पुढे धावले, ती बदलली, परत येते तोवर विलासने सुरुवात केलेली. मी घाईघाईने स्लाइड बदलायला बसले. दुसऱ्या कडव्याला तो अडखळला. थांबलाच. हॉलमध्ये कुणी हलेना. शेवटी पाळकांच्या बायको, रूथकाकू, पाण्याची बाटली घेऊन त्याच्याजवळ गेल्या. तो प्यायला आणि मधलं सगळं सोडून एकदम शेवटचं कडवं गायला लागला. मला स्लाइड सापडेपर्यंत गीत संपलंसुद्धा. पडद्यावर अजून ते दुसरं कडवंच.

आता म्यूट करावं म्हणून हात मिक्सरकडे नेला. म्यूटचा लाल दिवा आधीच लागलेला होता. मी आवाज उघडलाच नव्हता!

तेवढ्यात विलास फोन हातात घेऊन आला, डोळे वाहतायत. "ताईचा मेसेज आलाय. आई माझ्याबरोबर गायली म्हणे!"

मी म्हणाले, "छान." दुसरं काय म्हणणार?

घरी आल्या आल्या रेकॉर्डिंग उघडलं. लॅपटॉप जे तिकडे पाठवतो तेच साठवतो. विलासच्या गीताच्या जागी सरळ रेष, आवाज शून्य. लॅपटॉपचा स्वतःचा माइक मी कायम बंद ठेवते. हॉलमधल्या कुणाचा कॉल चालू होता का, तेही एकेकाला विचारलं. नव्हता.

सुनीताताईंना फोन केला.

"ताई, आवाज नीट आला होता ना?"

त्या म्हणाल्या, "आवाज नव्हताच गं. मी तुला मेसेज करणार होते. तर आई म्हणाली, गप, विलास गातोय."

"त्यांना स्लाइड दिसली असेल..."

"तिने डोळे कुठे उघडले होते? नुसते ओठ हलत होते. मध्येच थांबली आणि म्हणाली, पाणी द्या रे कुणी त्याला. मग एकदम शेवटचं कडवं म्हणायला लागली. मला वाटलं, मधलं विसरली. विलासला यातलं बोलले नाही. काय बोलू?"

त्याच आठवड्यात मावशी गेल्या. विलासने माती झालेली फोनवर पाहिली.

मी खूप डोकं चालवलं. आपला मुलगा कुठे अडखळेल हे आईला ठाऊक असेल, मान्य. दमलेल्या बाईने मधली कडवी सोडली असतील, तेही मान्य. पण पाणी? कुणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा, मात्र आत्मा वगैरे नको, प्लीज.

मी बोलले नसतेच. पण एका शनिवारी केबल गुंडाळत होते तेव्हा विलास आला. "त्या दिवशीचं रेकॉर्डिंग देशील? छोटीला पुढे ऐकवीन." मग सगळं सांगावंच लागलं. लाल दिवा, सरळ रेष, ताईंचं बोलणं. रागावेल म्हणून मी त्याच्याकडे बघतही नव्हते.

तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "फाइल आहे ना पण?"

"आहे. पण त्यात काहीच नाही रे. मी पेटीवाल्यांना विचारते, आपण परत रेकॉर्ड करू..."

"नको. तीच दे," विलास म्हणाला. "आईने तीच ऐकली ना."